वेबसाईट काढताय? आधी तिचा पत्ता नीट करून घ्या, नाहीतर दारात आलेलं गिऱ्हाईक परत जाईल

हळद, गूळ, काजू, पापड-मसाले विकायला आता गावोगावचे बचत गट आणि शेतकरी कंपन्या स्वतःची वेबसाईट काढू लागल्या आहेत. करून देणारा रंग, फोटो, डिझाईन दाखवतो. पण पानाचा पत्ता, म्हणजे आपण जिला लिंक म्हणतो, तिच्याकडे कुणी बघत नाही. पाकिटावर छापलेली लिंक उघडेनाशी झाली की मग ती आठवते.

पत्ता कसा वाचायचा?

टपालाच्या पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव, घर असतं, तसंच इथे. आधी वेबसाईटचं नाव, म्हणजे डोमेन. मग तिरकी रेघ देऊन विभाग आणि शेवटी ते पान. समजा, वसमतची हळद विकणारा एक गट आहे. त्याच्या हळद पावडरीच्या पानाचा पत्ता दोन तऱ्हेने ठेवता येतो:

- नाव.कॉम/पेज?आयडी=४८७१&कॅट=९
- नाव.कॉम/मसाले/हळद-पावडर

पहिल्यावरून काहीच कळत नाही. दुसरा व्हॉट्सॲपवर आला तर न उघडताही समजतं की आत काय आहे. गुगलही असेच सोपे, अर्थ लागणारे शब्द वापरायला सांगतं.

करून घेताना एवढं बघा

- दोन शब्दांमध्ये हायफन, म्हणजे आडवी छोटी रेघ असावी. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर नको.
- पत्ता इंग्रजी अक्षरांत असेल तर सगळी अक्षरं लहान ठेवा. डोमेनच्या पुढच्या भागात मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरलं जाऊ शकतं.
- मराठीतला पत्ताही चालतो, ‘.भारत’ हे डोमेनही मिळतं. पण मराठी पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा टक्क्याच्या खुणा आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसते. म्हणून छापायच्या लिंकमध्ये ‘हळद’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेला बरा.
- पत्त्यात साल किंवा भाव टाकू नका. पुढच्या हंगामात तो पत्ता शिळा होतो.

खरं नुकसान पत्ता बदलल्यावर

दोन वर्षांनी वेबसाईट नवी केली जाते आणि सगळे पत्ते बदलतात. जुनी लिंक पाकिटांवर, गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये आणि गुगलकडे तशीच असते. ती दाबली की ‘४०४, पान सापडलं नाही’ असं येतं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला वाटतं, धंदा बंद पडला.

उपाय आहे. घर बदललं की आपण पोस्टमनला नवा पत्ता देतो, तसं जुन्या लिंकवरून नव्या पानावर आपोआप नेता येतं. त्याला ‘३०१ रिडायरेक्ट’ म्हणतात. ही सोय निदान वर्षभर तरी ठेवावी, असं गुगल सांगतं. कायम ठेवली तर उत्तमच. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ मध्येच लिहून ठेवलंय, की चांगला पत्ता बदलत नसतो.

‘पहिल्या नंबरवर आणतो’ म्हणणाऱ्याला भुलू नका

पत्त्यात शब्द घालून गुगलवर पहिला नंबर मिळवून देतो, असं सांगून पैसे मागणारे भेटतात. पत्त्यातल्या शब्दांचा नंबरावर फारच थोडा परिणाम होतो. पानावर मालाची खरी, पूर्ण माहिती असणं जास्त महत्त्वाचं. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने सांगितलं आहे.

पैसे देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

१. डोमेन कुणाच्या नावावर घेणार? ते गटाच्याच नावावर आणि गटाच्याच ईमेलवर हवं. नाहीतर जमीन कसायची आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी गत होते.
२. डोमेनची मुदत कधी संपते आणि नूतनीकरणाला किती पैसे लागतात?
३. पुढे वेबसाईट बदलली तर जुन्या लिंक चालू ठेवून देणार का?

तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि मगच ॲडव्हान्स द्या. वेबसाईट आधीच असेल, तर जुन्या पाकिटावरची लिंक आजच मोबाईलवर टाकून बघा, उघडते का ते.