गावच्या इंटरनेटचाही सातबारा हवा

जुलै महिना होता. पीक विमा भरण्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते आणि आमच्या भागातल्या पाच गावांचे इंटरनेट भर दुपारी बंद पडले. सेवा केंद्रावर रांग लागलेली. सातबारा निघेना, अर्ज पुढे सरकेना. मोबाईलला रेंज आमच्याकडे टेकडीच्या अलीकडे मिळते, पलीकडे नाही. लोकांनी केंद्र चालविणाऱ्या पोराला धारेवर धरले. त्या बिचाऱ्याच्या हातात काय होते?

दोष कोणाचा हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यात माझाही वाटा आहे. आदल्या आठवड्यात पाऊस जोराचा झाला. एका शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी साचले. मी जाऊन निचऱ्याच्या चराची आखणी करून दिली आणि वाफसा येताच त्याने पाणंदीच्या कडेने जेसीबी लावला. तिथून इंटरनेटची केबल गेली आहे हे मला ठाऊक नव्हते, शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. पुढे कळले की ज्याची केबल, त्यालाही नेमके ठाऊक नव्हते! चिखलात तुटलेली काळी वायर जेसीबीवाल्याला दिसलीच नाही. दिसली असती तरी ती जुनी ठिबकची नळी वाटली असती.

केबलचा मालक कृषी पदविकेला माझ्याबरोबर होता. पूर्वी टीव्हीची केबल चालवायचा, आता घरोघर इंटरनेट देतो. त्याच्याकडे ओटीडीआर नावाचे यंत्र आहे. काचेच्या तंतूत उजेड सोडायचा, तो तुटल्या जागेवरून परत फिरतो आणि यंत्र अंतर सांगते. यंत्राने सांगितले, दुकानापासून ४,१८० मीटर. मोटारसायकलच्या मीटरवर अंदाज घेत पोरे तिथवर गेली. ती जागा नेमकी एका शेतकऱ्याच्या हळदीत. उभ्या हळदीच्या बेडात तीन खड्डे खणले, केबल मिळाली, पण अखंड! ज्याने केबल टाकली तो गडी नोकरीसाठी पुण्याला गेलेला. फोनवर म्हणाला, "लिंबाच्या झाडापाशी जॉइंटचा डबा पुरलाय बघा." ते लिंबाचे झाड रस्तारुंदीत कधीच तुटले होते.

चूक कुठे झाली ते समजून घेण्यासारखे आहे. केबल जोडताना प्रत्येक जॉइंटपाशी जादा केबलचे वेटोळे ठेवतात, म्हणजे पुढे तुटली तर ओढून घेता येते. यंत्र ही वेटोळीही अंतरात धरते. त्या मार्गावर सहा जॉइंट, प्रत्येकी सुमारे वीस मीटरचे वेटोळे. म्हणजे तुटलेली जागा जवळपास १२० मीटर मागे होती, मी आखलेल्या चरात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईन सुरू झाली. रात्री उशिरापर्यंत अर्ज भरले, तरी माझ्या माहितीतले तीन अर्ज राहून गेले ते गेलेच.

वेटोळ्याची लांबी कुठे लिहिलेली असती तर हळदही वाचली असती आणि दीड दिवसही. केबलच्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, हे तर मला त्या दिवशीच कळले. कोणत्या जॉइंटवर कोणता आकडा आला एवढे टिपून ठेवले तरी तुटलेली जागा पाच-दहा मीटरच्या आत सापडते.

पुढच्या रविवारी मित्र लॅपटॉप घेऊन घरी आला. "आता एखादं सॉफ्टवेअर घेतोच, कोणतं घेऊ सांग." मी म्हटले, "अरे, मला माती-पाण्यातलं कळतं." पण बसलो दोघे. अन् बोलता बोलता लक्षात आले की हा प्रश्न आपल्या महसुली दप्तरासारखाच आहे. सातबारा सांगतो जमीन कोणाची आणि तीत काय आहे. नकाशा सांगतो ती कुठे आहे. फेरफार सांगतो की कधी, काय बदलले. तिघांना बांधणारी गोष्ट एकच, गट नंबर. त्याच्याशिवाय सातबारा कोरा कागद आणि नकाशा नुसत्या रेघा.

मित्राजवळ तोवर काय होते? एक्सेलचे तक्ते होते, तेही चार जणांकडे चार तऱ्हेचे. त्यातला खरा कोणता हे त्यालाही सांगता येईना. गुगल अर्थवर काढलेली एक रेघ होती. रेघ चांगली, पण आत काय आहे ते ती सांगत नाही. चोवीस तंतूंच्या केबलमध्ये रंगीत नळ्या असतात आणि नळ्यांत रंगीत तंतू. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा बारा रंगांचा क्रम ठरलेला आहे. निळ्या नळीतला नारिंगी तंतू कोणत्या गावाला जातो आणि पुढे स्प्लिटरमधून बत्तीस घरांत कसा फाटतो, हे लिहिले नसेल तर जोडणारा माणूस अंधारातच चाचपडणार.

नेटबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरचे नाव पुष्कळ जण घेतात. अमेरिकेतल्या डिजिटलओशन कंपनीत ते तयार झाले आणि २०१६ साली सर्वांना खुले केले गेले. फुकट आहे. दुकानातले कोणते यंत्र कोणत्या कपाटात, कोणत्या पोर्टची वायर कुठे गेली, कोणता आयपी पत्ता कशासाठी राखला हे त्यात उत्तम राहते. कोणी कधी काय बदलले तेही आपोआप नोंदले जाते, म्हणजे फेरफारच. पण ते चालविण्यास लिनक्स जाणणारा माणूस लागतो, आणि लिंबाचे झाड त्याला ठाऊक नाही. जमिनीवरचा मार्ग दाखविणे हे त्याचे मूळ काम नव्हे.

मार्गासाठी क्यूजीआयएस आहे. तेही फुकट, नकाशांचे सॉफ्टवेअर. त्याच्या जोडीचे क्यूफील्ड मोबाईलवर चालते आणि नकाशा एकदा उतरवून घेतला की शिवारात रेंज नसली तरी नोंद करता येते. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटले. इंटरनेट तुटले असताना उघडत नाही अशी नोंद इंटरनेटवाल्याच्या काय कामाची?

वर्षाला पैसे घेऊन सगळेच एका ठिकाणी देणाऱ्या कंपन्याही आहेत. माझा त्याला विरोध नाही. फक्त पैसे देण्यापूर्वी एक विचारावे: उद्या बंद केले तर माझी सगळी नोंद साध्या तक्त्यात मला परत काढून मिळेल काय? नाही म्हणाले तर आपले दप्तर सावकाराकडे गहाण पडले असे समजावे.

शेवटी ठरले ते असे. दुकानातल्या यंत्रांसाठी नेटबॉक्स, पण सवडीने, कारण तालुक्याचा एक मुलगा ते शिकतो आहे. मार्गासाठी क्यूजीआयएस, ताबडतोब. आणि प्रत्येक जॉइंटला एक नंबर. तोच नंबर नकाशात, तोच तक्त्यात, तोच जागेवरच्या दगडावर रंगाने. नंबरापुढे सालीवरचा मीटरचा आकडा, वेटोळ्याची लांबी, खोली आणि कोणता रंग कोणत्या रंगाला जोडला ते. शिवाय महिन्याला एक छापील प्रत दुकानात. ज्याने जोड मारला त्याने डबा बंद करण्यापूर्वी नोंद करायची, नाहीतर त्या कामाची मजुरी निघणार नाही, हा नियम मित्राने केला. सॉफ्टवेअरपेक्षा मला हा नियम जास्त भरवशाचा वाटतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी दोन शब्द. एकेका पाणंदीखाली आता भारतनेटची सरकारी केबल, मोबाईल कंपनीची केबल, स्थानिक ऑपरेटरची केबल आणि आपली नळयोजना अशी गर्दी आहे. सरकारी केबल पुरुषभर खोल टाकण्याचा दंडक आहे, स्थानिक केबल कित्येकदा हातभरच खाली असते. खोदाईची परवानगी देताना जॉइंटच्या नंबरांसह मार्गाचा नकाशा मागून घ्या आणि तो दप्तरी ठेवा. खोदण्यापूर्वी कळविण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले आहे. खोदणाऱ्याने त्यात जागा कळविली की तिथल्या केबल-पाइपवाल्यांना निरोप जातो. पण ज्याने आपल्या केबलची नोंदच केलेली नाही त्याला निरोप कसा जावा?

आम्ही कृषी खात्याची मंडळीही यातून सुटलेलो नाही. चर असो, शेततळे असो, बांधबंदिस्ती असो, आखणीची दोरी लावण्यापूर्वी खाली काय आहे ते मी आता ग्रामपंचायतीत विचारतो. नकाशा नसेल तर ऑपरेटरला बांधावर बोलावतो.

मित्राच्या एकोणीस किलोमीटर केबलपैकी सात किलोमीटरची नोंद झाली आहे. उरलेली जुनी, कुणीच न लिहिलेली. दर रविवारी पोरे डबे हुडकत फिरतात, कधीमधी मीही जातो. मागच्या खेपेस हळदवाल्या शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचलो तर तो कुदळीकडे बघत म्हणाला, "साहेब, आधी कागद दाखवा." कागद होता. सातवा जॉइंट त्याच्या विहिरीच्या धक्क्यापासून अकरा पावलांवर निघाला.