पेनड्राइव्ह लावला, पण उघडेना

लिनक्सच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला आणि फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत काहीच उमटलं नाही, किंवा नाव उमटलं पण क्लिक केल्यावर ‘माउंट करता आलं नाही’ असा संदेश आला, तर बहुतेक लोक दोन गोष्टी करतात. आधी काढून पुन्हा लावतात, तरीही जमलं नाही तर फॉरमॅट करून टाकतात. पहिल्या उपायाने काही बिघडत नाही. दुसऱ्याने आतलं सगळं जातं, आणि पुष्कळदा दोष पेनड्राइव्हमध्ये नसतोच. म्हणून फॉरमॅटच्या बटणाकडे हात जाण्याआधी एवढंच शोधायचं, की काम कुठपर्यंत पोचलं होतं आणि कुठे अडलं.

लिनक्समध्ये विंडोजसारखे सी, डी, ई असे वेगवेगळे ड्राइव्ह नसतात. सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं आणि बाहेरून आलेल्या डिस्कवरच्या फोल्डरांचं त्यातल्या एका रिकाम्या फोल्डरावर कलम केलं जातं. यालाच माउंट करणं म्हणतात. उबुंटू आणि डेबियनमध्ये ही जागा मुळाशी असलेल्या ‘मीडिया’ फोल्डरात असते, तर फेडोरात ‘रन’च्या आतल्या ‘मीडिया’मध्ये. 1971 सालच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकातही माउंटची आज्ञा आहे. तेव्हा ती हाताने टाइप करावी लागे. आज ती आपल्या नकळत दिली जाते, म्हणूनच अडलं की कुठे अडलं ते चटकन कळत नाही.

पेनड्राइव्ह आत सरकवल्यापासून खिडकी उघडेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत बरेच हात लागलेले असतात. आधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पोर्टवर काहीतरी आल्याचं कळतं आणि तो त्याला ‘एसडीबी’सारखं नाव देतो. मग यूडेव्ह नावाचा प्रोग्राम त्यावरची फाइल सिस्टिम कोणती, लेबल काय, हे वाचून नोंदवतो. ती नोंद यूडिस्क्स या सेवेकडे जाते. फाइल मॅनेजर यूडिस्क्सला सांगतो, ‘हे माउंट कर’. संगणकासमोर बसलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे का, हे पोलकिट ठरवतो, आणि मग प्रत्यक्ष माउंट होतं. शोध खालच्या पायरीपासून घ्यावा. वरची पायरी तपासण्यात तासभर घालवून शेवटी केबल सैल निघाली, असं फार वेळा होतं.

टर्मिनल उघडा. इथल्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची. पेनड्राइव्ह लावण्याआधीच ‘सुडो डीएमईएसजी’ आणि जागा सोडून आडवी रेघ व डब्ल्यू, अशी आज्ञा द्या. कर्नल आपली रोजनिशी तुमच्यासमोर वाचून दाखवू लागेल. आता पेनड्राइव्ह लावा. सगळं ठीक असेल तर नवं यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ येते, मग बनवणाऱ्याचं नाव, मग 512 बाइटचे किती ठोकळे आहेत ते, आणि शेवटी ‘एसडीबी’पुढे ‘एसडीबी1’. हा एक आकडा म्हणजे डिस्कवरचं पहिलं पार्टिशन.

एकही ओळ आली नाही, तर फाइल सिस्टिमचा विचार सोडून द्या. पोर्ट बदला. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर सैल असू शकते, म्हणून मागचा पोर्ट वापरून पाहा. मोबाइल किंवा बाहेरची हार्ड डिस्क असेल तर केबलही बदला, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांत डेटाच्या तारा नसतात. ओळी येतात पण त्यांत उणे 71 किंवा उणे 110 असा एरर दिसतो, तेव्हा संगणक आणि उपकरणाचं बोलणं मध्येच तुटतंय किंवा पलीकडून वेळेत उत्तर येत नाहीये. याचं कारण पुष्कळदा वीज असते. यूएसबी 2 च्या पोर्टमधून प्रमाणानुसार 500 मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी 3 मधून 900. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त लागू शकते, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर ती लावली की कुरकुर सुरू होते.

ओळी व्यवस्थित आल्या तर दुसरी आज्ञा: ‘एलएसबीएलके’, पुढे आडवी रेघ आणि एफ. संगणकाला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशनं आणि प्रत्येकावरची फाइल सिस्टिम यांचा तक्ता समोर येतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात हिच्याइतकी उपयोगी आज्ञा दुसरी नाही. तक्त्यात फाइल सिस्टिम ‘आयएसओ9660’ दिसली, तर त्या पेनड्राइव्हवर कुणीतरी इन्स्टॉलेशनची प्रतिमा उतरवलेली आहे. तो उघडेल, पण त्यावर काही लिहिता येणार नाही, आणि त्याला बिघडलेला म्हणायचं कारणही नाही. ‘बिटलॉकर’ दिसलं तर विंडोजने ती डिस्क कुलूपबंद केलेली आहे. अलीकडच्या लिनक्समध्ये पासवर्ड दिला की ती उघडते. तो रकाना कोराच असेल तेव्हा मात्र सावध व्हा. तिथली फाइल सिस्टिम ओळखूच आलेली नाही, आणि आत महत्त्वाचं काही असेल तर अशा डिस्कवर काहीही लिहू नये. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढावी.

आता ‘एक्सफॅट’ आणि ‘एनटीएफएस’. मोठ्या कार्डांवर आणि पेनड्राइव्हवर एक्सफॅट असतं, कारण जुन्या फॅट32 वर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये एक्सफॅटची रचना खुली केली आणि 2020 सालच्या 5.7 या कर्नलमध्ये त्याचा चांगला ड्रायव्हर आला. त्याआधीच्या लिनक्सवर वेगळं पॅकेज घालावं लागतं. जुन्या संगणकावर नवं कार्ड उघडत नाही, त्यामागे बहुधा हेच असतं.

एनटीएफएसचं दुखणं वेगळं. डिस्क विंडोजमधून नीट न काढता उपटली, किंवा ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना तशीच लावून ठेवून संगणक बंद केला, तर तिच्यावर ‘काम अर्धवट आहे’ अशी खूण राहू शकते. फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली स्थिती डिस्कवर लिहून झोपी जातं. ती खूण पाहून लिनक्स एकतर माउंट करायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. पुष्कळांना हा लिनक्सचा हट्ट वाटतो. मला तो समंजसपणा वाटतो, कारण दुसऱ्याच्या अर्धवट हिशेबात आकडे घुसडायला ते तयार नाही. डिस्क पुन्हा विंडोजला लावून तपासून घेणं आणि रीतसर काढणं हा खरा उपाय. विंडोज हाताशी नसेलच तर ‘एनटीएफएसफिक्स’ आहे, पण तो वरवरचे दोष दुरुस्त करतो, पूर्ण तपासणी करत नाही.

तक्त्यात सगळं जागच्या जागी दिसतं आणि तरीही फाइल मॅनेजर नाही म्हणतो, तेव्हा त्याला बाजूला ठेवून थेट यूडिस्क्सला विचारावं. ‘यूडिस्क्सकंट्रोल’ची आज्ञा ‘यूडिस्क्स’ला सीटीएल जोडून टाइप करतात. तिच्यापुढे ‘माउंट’, आडवी रेघ व बी, आणि पार्टिशनचा पत्ता द्यायचा. उत्तरात खरं कारण बहुधा सापडतं. परवानगी नाही असं म्हटलं, तर ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘एफएसटॅब’ ही फाइल वाचा. डेबियन पेनड्राइव्हवरून बसवलं की कधीकधी इन्स्टॉलर त्याच पेनड्राइव्हची एक ओळ या फाइलीत मागे सोडून जातो. पुढे त्याच नावाने येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह त्या जुन्या ओळीच्या नियमांना बांधला जातो आणि भलतीकडेच माउंट होतो किंवा होतच नाही. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घातलं की प्रश्न मिटतो. आर्च लिनक्सवर अजून एक गंमत होते. कर्नल अपडेट होतं, संगणक मात्र रीस्टार्ट केलेला नसतो. चालू कर्नलचे ड्रायव्हर डिस्कवरून गेलेले असतात, आणि कालपर्यंत चालणाऱ्या फॅटच्या पेनड्राइव्हला आज ‘अनोळखी फाइल सिस्टिम’ म्हटलं जातं. रीस्टार्ट करा, बस.

उघडतं पण लिहिता येत नाही, याची कारणं मोजकी आहेत. एसडी कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी सरकलेली असते. किंवा फॅटमध्ये चूक सापडल्यावर कर्नलने ते स्वतःहून फक्त वाचण्यापुरतं ठेवलेलं असतं. अशा वेळी आधी अनमाउंट करून ‘एफएससीके’ने तपासायचं. किंवा पेनड्राइव्ह ईएक्सटी4 मध्ये फॉरमॅट केलेला असतो. फॅटवर मालकीची नोंदच नसते, ईएक्सटी4 वर प्रत्येक फाइलीची असते, आणि नव्याने केलेल्या डिस्कचा मालक रूट, म्हणजे संगणकाचा मुख्य प्रशासक, असू शकतो. मग ‘सीएचओडब्ल्यूएन’ने मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

जाता जाता: झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हवर विंडोजमध्ये नुसते शॉर्टकट दिसत असतील, तर तो लिनक्सला लावून पाहा. व्हायरसने लपवलेले फोल्डर इथे उघडे पडतात, कधी एखाद्या बिननावाच्या फोल्डरात कोंबलेले.

राहिलं काढणं. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी सगळा मजकूर पेनड्राइव्हवर उतरलेला असतोच असं नाही, काही भाग अजून मेमरीत रांगेत असतो. ‘इजेक्ट’ दाबल्यावर तो उतरतो, त्यामुळे स्वस्त पेनड्राइव्हला मिनिटभर लागलं तर थांबावं. ‘वापरात आहे’ असा नकार आला, तर ‘फ्यूजर’ची आज्ञा आडवी रेघ, व्ही व एम ही अक्षरं आणि फोल्डरचा पत्ता जोडून दिली, की कोण अडवतंय ते दिसतं. एखादा व्हिडिओ प्लेयर सापडतो, नाहीतर त्याच फोल्डरात उघडी राहिलेली टर्मिनलची खिडकी. त्या खिडकीत नुसतं ‘सीडी’ टाइप करून घरच्या फोल्डरात जायचं आणि पुन्हा इजेक्ट दाबायचं.