सुटे भाग आणून पहिला कॉम्प्युटर जोडताना

घरी जोडायच्या कॉम्प्युटरचे मुख्य भाग सहा-सातच असतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस यांचा खर्च वेगळा. रोजच्या बोलण्यात आख्ख्या कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो त्या डब्याच्या पोटात काडेपेटीएवढा, चपटा असा बसलेला असतो. हे सगळे जोडायला एक स्क्रूड्रायव्हर आणि निवांत दुपार पुरते. कस लागतो तो त्याआधी, कुठल्या भागावर किती पैसे घालायचे हे ठरवताना.

पैसे मोजके असतील तर भागांकडे एकाच दृष्टीने पाहावे. काही भाग पुढे वाढवता येतात, तर काही पहिल्याच दिवशी नीट घ्यावे लागतात. रॅमची दुसरी पट्टी सहा महिन्यांनी बसवता येते, जादा हार्ड डिस्क वर्षभराने लावता येते, ग्राफिक्स कार्ड तर कधीही. मदरबोर्ड बदलायचा म्हटले की सगळा संसार उलगडावा लागतो आणि एसएमपीएस बिघडला तर तो बाकीच्यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो. बाजारात मात्र बहुतेकदा उलटे घडते. प्रोसेसरच्या नावावर पैसे जातात आणि उरल्यासुरल्यात मदरबोर्ड, एसएमपीएस उरकले जातात.

आधी कॉम्प्युटरवर काय करायचे ते ठरवावे. ऑनलाइन वर्ग, टॅली, श्रीलिपीतले टाइपिंग, कार्यालयीन कामे आणि सिनेमे एवढेच असेल तर ग्राफिक्स कार्डाची मुळीच गरज नाही. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यालाही सुरुवातीला ते लागत नाही. मोठे गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचे काम असेल तर गणित बदलते. गेमच्या कॉम्प्युटरमध्ये तर बहुधा सगळ्यांत महाग भाग ग्राफिक्स कार्डच ठरते.

प्रोसेसर इंटेल किंवा एएमडी या दोनच कंपन्यांचा घ्यायचा असतो आणि फसगतही याच भागात सर्वाधिक होते. ‘आय५ कॉम्प्युटर, अगदी स्वस्तात’ अशा जाहिरातीतला आय५ बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, परदेशी कार्यालयांच्या भंगारातून आलेला असतो. नुसत्या ‘आय५’ला अर्थ नाही, त्यापुढचा आकडा वाचायचा. कोअर आय५-२४०० हा २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे, तर आय५-१२४०० बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. नावाने ‘खालचा’ वाटणारा २०२२चा आय३-१२१००, चार कोअर आणि आठ थ्रेडचा, त्या जुन्या आय५ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. स्वस्तातला जुना आय५ म्हणजे मुदत संपलेले औषध सवलतीत घेण्यासारखे आहे.

नावाच्या शेवटचे अक्षरही महत्त्वाचे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल (उदाहरणार्थ आय३-१२१००एफ) तर त्यात चित्र दाखवण्याची सोयच नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण ग्राफिक्स कार्ड न घेता तो आणला तर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या एएम४ (या सॉकेटबद्दल पुढे) काळातल्या प्रोसेसरांत उलट आहे. तिथे ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स आत असते. २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा, यासाठीच कमी बजेटवाल्यांत लोकप्रिय झाला. हलके गेमही तो कार्डाशिवाय चालवतो.

मदरबोर्ड निवडताना पहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या खोबणीचा. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ पासूनचे. त्यावरचे भाग स्वस्त आहेत, पण या सॉकेटसाठी रायझनच्या नव्या पिढ्या येत नाहीत. २०२२ साली आलेल्या एएम५वर फक्त डीडीआर५ रॅम चालते. सुरुवातीचा खर्च वाढतो, पण पुढे नुसता प्रोसेसर बदलून काम भागण्याची आशा राहते. इंटेलच्या एलजीए १७०० वर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. २०२४ मध्ये इंटेलने पुढचे सॉकेट आणले. या १७०० सॉकेटचे काही मदरबोर्ड डीडीआर४ रॅमचे, तर काही डीडीआर५चे असतात. दोन्ही रॅम पट्ट्यांना पिना २८८च, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कोटेशनवर बोर्डापुढे ‘एच६१०’ एवढेच लिहिलेले असेल तर डीडीआर४ की डीडीआर५ हे विचारून घ्यावे. चिपसेटचा, म्हणजे बोर्डावर कोणत्या सोयी मिळतील हे ठरवणाऱ्या चिपचा, विचार त्यानंतर. साध्या कामाला एएमडीचा ए५२० किंवा इंटेलचा एच६१० पुरतो. रॅमच्या चार खोबण्या किंवा एसएसडीसाठी जास्त जागा हव्या असतील तरच बी५५०, बी७६० यांकडे जावे. रंगीत दिव्यांच्या बोर्डावर पैसे घालू नयेत. ते दिवे बहुतेक वेळ टेबलाखाली लुकलुकत राहतात.

रॅमच्या बाबतीत एक बारीक हिशेब करावा लागतो. स्वस्त बोर्डांवर बहुधा दोनच खोबण्या असतात. त्यात ४ जीबीच्या दोन पट्ट्या घातल्या तर पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात आणि आधीचे पैसे वाया जातात. ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खोबण मोकळी ठेवणे शहाणपणाचे. मात्र ५६००जीसारखा प्रोसेसर असेल तर दोन पट्ट्या लवकर बसवाव्यात. आतले ग्राफिक्स स्वतंत्र मेमरी न ठेवता रॅममधलाच वाटा घेते, आणि दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते. अशा कॉम्प्युटरवर ८ जीबीची एक पट्टी आणि दोन पट्ट्या यांतला फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. रॅमचे भाव सोन्यासारखे वरखाली होतात. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली आणि जगभर रॅम महागली. अशा वेळी नंतर वाढवता येईल असा बोर्ड असणे फार उपयोगी पडते.

साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे-दोनशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास आणि एनव्हीएमई प्रकारची तीन-साडेतीन हजार किंवा त्याहूनही जास्त. तरीही रोजच्या वापरात मोठा बदल जाणवतो तो हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येताना. साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक साध्या कामात फारसा कळत नाही. मोठ्या फायली, लग्नाचे व्हिडिओ, फोटो यांच्यासाठी हार्ड डिस्क नंतर जोडता येते. एम.२ म्हटले जाते तो फक्त आकार. त्या आकाराची एसएसडी साटाही असते आणि एनव्हीएमईही, म्हणून बोर्डाच्या माहितीपत्रकात खोबण कोणती आहे ते आधी पाहावे.

एसएमपीएस म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा. त्याच्याने कॉम्प्युटरचा वेग वाढत नाही, म्हणून त्यावर कोणी खर्च करत नाही, आणि जोडलेल्या कॉम्प्युटरांतली सगळ्यांत महागडी काटकसर हीच असते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असते. त्यावर विश्वास न ठेवता बाजूचे लेबल वाचावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे फक्त १९२ वॉट हातात पडतात, बाहेर कितीही मोठा आकडा असो. ग्राफिक्स कार्ड नसलेला, ६५ वॉटच्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर एकूण दोनशे वॉटही क्वचितच ओलांडतो. त्याला नावाजलेल्या कंपनीचा खराखुरा ४५० वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला, आणि तोच पुढे हलक्या ग्राफिक्स कार्डाचीही सोय करू शकतो. ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचे ब्राँझ चिन्ह असेल तर वीज कमी वाया जाते आणि डबा कमी तापतो. घरच्या प्लगला अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावात ६०० व्हीएचा यूपीएस काम जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरती मिनिटे देतो.

कॅबिनेटबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बोर्ड मायक्रो एटीएक्स असेल, म्हणजे २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीपर्यंतचा, तर तेवढ्याच आकाराचे कॅबिनेट चालते. समोरून हवा आत येण्यासाठी जाळी असावी आणि निदान एक पंखा असावा. समोर अखंड काच असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी, पण उन्हाळ्यात आत भट्टी होते. धूळ अडवणारी, धुता येणारी जाळी असेल तर उत्तम.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचेच असेल तर ते मॉनिटर पाहून घ्यावे. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या नेहमीच्या मॉनिटरला एनव्हिडियाचे ८ जीबीचे आरटीएक्स ३०५० किंवा एएमडीचे आरएक्स ६६०० यांच्या तोडीचे कार्ड पुरेसे आहे. दोन्ही १३० वॉटच्या आसपास वीज घेतात. या आरटीएक्स ३०५० साठी एनव्हिडियाने ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवला आहे, हे एसएमपीएस घेतानाच लक्षात ठेवावे. आठ-दहा वर्षे जुनी, वापरलेली कार्डे नव्याच्या वेष्टनात विकली जातात. बिलावर अनुक्रमांक लिहून न देणाऱ्या दुकानातून कार्ड घेऊच नये.

विंडोजचा परवाना हा खर्चाचा छुपा आकडा आहे. बरेच जोडणारे तो न धरता ‘टाकून देतो’ म्हणतात. ती प्रत बेकायदा असते आणि कधीकधी सोबत व्हायरसही येतो. टॅली किंवा श्रीलिपीसारखी विंडोजवरचीच कामे नसतील तर लिनक्स मिंट, उबुंटू मोफत मिळतात, आणि त्यांत देवनागरी टाइपिंगची सोय असते.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे या खरेदीचे जुने अड्डे. दिल्लीकरांसाठी नेहरू प्लेस. तीन दुकानांतून भागांच्या पूर्ण मॉडेल क्रमांकांसह कोटेशन घ्यावे, आणि ऑनलाइन किमतींशी ताडून पाहावे. नुसते ‘८ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी’ असे कोटेशन म्हणजे दुकानदाराला कोरा चेक. कोटेशनमधली किंमत १८ टक्के जीएसटीसह आहे की वगळून, हे विचारावे. ‘बिलाशिवाय स्वस्त’ हा प्रस्ताव नाकारावा, कारण बिल नसेल तर वॉरंटीचा दावा सिद्ध करणे अवघड जाते. प्रोसेसर खोक्यातला घ्यावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर कूलरशिवाय, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्याशिवाय, येतो आणि त्यावरची वॉरंटी बहुधा फक्त दुकानदाराची असते.

जोडताना चार चुका वारंवार होतात. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवायचा असतो. दाबला की पिना वाकतात, आणि वाकलेल्या पिनांना वॉरंटी नसते. मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी लावायची राहते, आणि पंखे फिरूनही पडद्यावर काही येत नाही. कॅबिनेटच्या मागे जोडण्यांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी बोर्डाआधी बसवायला विसरले की सगळे पुन्हा काढावे लागते. ग्राफिक्स कार्ड घेतलेल्यांत मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावणारेही पुष्कळ. हिवाळ्यात, कोरड्या हवेत, भाग हाताळण्याआधी नळाला किंवा अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅम पूर्ण दिसते आहे का, एसएसडी ओळखली गेली का आणि प्रोसेसरचे तापमान किती आहे, एवढे पाहावे. नुसते बायोस उघडे असताना तापमान भराभर चढत असेल तर कूलर नीट टेकलेला नाही. सगळे ठीक असले तरी खोकी रद्दीत देऊ नयेत. प्रोसेसर आणि मदरबोर्डाची वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते, अनुक्रमांकाची चिकटपट्टी त्या खोक्यावरही असते, आणि सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा बिलच मागतो.