वाफेचे यंत्र वापरताना

थंडी आणि उसाचा हंगाम आपल्या भागात जोडीनेच येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी सुरू झाली की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, रानात पाचट पेटते, घरात चुलीचा धूर असतोच. नाके चोंदतात आणि कपाटावरचे वाफेचे प्लास्टिकचे यंत्र खाली उतरते. अनेक घरांत ते २०२०-२१ च्या कोरोनाकाळात आले. वाफेने कोरोना जात नाही, हे तेव्हाही डॉक्टर सांगत होते. सर्दीही वाफेने बरी होत नाही. चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे होते, घशाला आराम पडतो, एवढेच तिचे काम.

बाजारातल्या साध्या यंत्रात पाणी तापवायला शेगडीसारखी तार नसते. आत दोन पट्ट्या असतात आणि वीज थेट पाण्यातून वाहते. म्हणजे प्लग चालू असताना आतल्या पाण्यातही करंट असतो. म्हणून बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये, वरून पाणी ओतू नये. वाफ येते का हे पाहायला बोट घालणे तर जिवावरचे काम आहे.

मिठाचा गोंधळही इथूनच होतो. पाण्यात क्षार असले तरच वीज वाहते. फिल्टरच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून यंत्र थंडच राहते आणि लोकांना ते बिघडले असे वाटते. त्या पाण्यात अगदी चिमूटभर मीठ पुरते. बारामती-इंदापूरच्या कालव्याकाठच्या गावांत बोअरचे पाणी मुळातच जड. त्यात मीठ टाकूच नये. क्षार जास्त झाले की पाणी उसळते, तोंडातून उकळते थेंब उडतात, फ्यूजही जातो. पाणी खुणेपर्यंतच भरावे. बाम, कापूर, निलगिरीचे तेल टाकीत घालू नये. प्लास्टिक खराब होते. लहान मुलांना तर कापूर आणि बामची वाफ देऊच नये.

एका खोलीच्या घरात यंत्र ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. जमिनीवर ठेवले तर रांगते मूल पोहोचते, टेबलावर ठेवले तर लोंबती वायर ओढते. भिंतीलगत, न डगमगणाऱ्या जागी ठेवा आणि वायर मागे घ्या. मोठ्या माणसाने तोंड वीतभर लांब धरून पाच-दहा मिनिटे वाफ घ्यावी. मुलाला मांडीवर घेऊन चादरीखाली वाफ देण्याची सवय मात्र सोडावी, असे आम्हाला वाटते. पातेल्याची वाफ असो की यंत्राची, मुले भाजतात ती सांडलेल्या पाण्याने. भाजलेच तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका, दवाखाना गाठा.

वापर झाला की प्लग काढा, गार होऊ द्या, उरलेले पाणी ओतून यंत्र पालथे वाळवा. तसेच ठेवलेले पाणी बुळबुळीत होते आणि पुढच्या वेळी तेच नाकाशी येते. मास्क प्रत्येकाने वापरल्यावर साबणाने धुवावा. पट्ट्यांवर पांढरा थर जमला की व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातलेले पाणी अर्धा तास ठेवून मऊ ब्रशने घासावे आणि स्वच्छ धुवावे. हे सगळे प्लग काढूनच. चाकूने खरवडू नये. वायरचे आवरण तडकले असेल तर चिकटपट्टीवर भागवू नका, वायरच बदला.

दम्याच्या माणसाला वाफेने कधी कधी जास्तच दम लागतो. त्याचे औषध डॉक्टरने दिलेला पंप. दवाखान्यात मास्क लावून औषध देतात तो नेब्युलायझर वेगळा. त्याचे औषध या यंत्रात चालत नाही.

तापाच्या खोकल्यात मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरला, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर वाफेत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. आणि मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे टिकला, तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.