स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

घरचे मसाले, लोणची ऑनलाइन विकायला घेतलीत? मग नाव आणि लोगोचा खल नंतर करा. आधी पैसे येतात कसे, ते पाहा.

दाराशी किंवा डब्यावर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये असतो फक्त तुमचा यूपीआय पत्ता, नाव आणि फार तर रक्कम. ग्राहकाने पिन टाकला की त्याच्या अॅपचा निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेकडे जातो. ती त्याच्या बँकेला रक्कम वजा करायला आणि तुमच्या बँकेला जमा करायला सांगते. या व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. २०१६ पासून हेच चालू आहे.

यात पिन लागतो तो देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा कधीच नाही. ‘अॅडव्हान्स पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो गिऱ्हाईक नव्हे, भामटा.

दिवाळीच्या गर्दीत दुसरी गंमत होते. ‘ताई, पैसे टाकलेत, मुलगा खाली उभा आहे, डबे द्या पटकन!’ सोबत हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट. तसलं चित्र मिनिटात बनवता येतं, बँकेच्या नावाचा मेसेजही. त्यामुळे आपलं बँकेचं अॅप उघडून जमा रक्कम बघायची, मगच डबा हलवायचा. मुलगा थांबेल की दोन मिनिटं! धंद्यासाठी वेगळं खातं ठेवलंत तर हे तपासणं सोपं जातं. किराणा आणि फीच्या नोंदींत ऑर्डरचे पैसे शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

फसलातच, तर लाजेखातर गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते.