मागची चाके रुंद का?

काही मोटारींकडे मागून पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पुढच्या चाकांच्या मानाने त्यांची मागची चाके चांगलीच रुंद असतात, आणि त्यांना सामावून घेण्यासाठी मागचे मडगार्डही फुगवलेले असतात. पाहणाऱ्याला हा ऐटीचा प्रकार वाटतो. आणि गॅरेजात जाऊन आपल्या गाडीला अशी चाके बसवून घेणारी हौशी मंडळीही बहुधा ऐटीसाठीच ती बसवतात. परंतु या रुंदीचे मूळ प्रयोजन वेगळे आहे. गाडीच्या वजनाच्या वाटणीतून जी एक खोड निर्माण होते, तिच्यावरचा तो इलाज आहे. ज्या गाडीला ती खोडच नाही तिच्यावर हा इलाज केला तर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

रुंद चाक म्हणजे रस्त्यावर अधिक रबर टेकले, आणि म्हणून पकड अधिक, असा हिशेब सामान्यतः केला जातो. तो अर्धाच खरा आहे. एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम या दाबाने हवा भरलेली आहे, असे धरू या. तो भार तोलून धरण्यासाठी सुमारे १५० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावे लागेल. म्हणजे साध्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठी जागा. एवढ्याशा चार तुकड्यांवर सबंध मोटार धावत असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आता टायर १५ सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटर रुंद केला आणि भार व दाब तेच ठेवले, तर टेकणारी जागा जवळजवळ तेवढीच राहते. फक्त तिचा आकार पालटतो. पूर्वी ती १५ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर लांब होती. आता ती २० सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर लांब होते.

मग लाभ कसला? तो या आकारातच आहे. वळण घेताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, त्या दिशेने तंतोतंत जात नाही. जमिनीला टेकलेले रबर आडवे ताणले जाते आणि चाक किंचित तिरके सरकत राहते. रबराचा कण पुढून जमिनीला टेकतो तेव्हा त्याच्यावर ताण नसतो. मागे सरकत जाताना ताण वाढत जातो, आणि अखेरीस तो सहन न होऊन कण घसरतो. टेकणारी जागा लांबट असली की तिचा मागचा भाग लवकर घसरू लागतो. आखूड आणि रुंद जागेत हा ताण अधिक सारखेपणाने वाटला जातो. त्यामुळे तेवढाच जोर सोसताना रुंद टायर कमी तिरका सरकतो. शिवाय त्यात हवा अधिक मावत असल्यामुळे तोच भार तो थोड्या कमी दाबावर वाहू शकतो, आणि तसे केले म्हणजे टेकणारी जागाही खरोखर वाढते.

येथे टायरचा आणखी एक स्वभाव जाणून घेतला पाहिजे. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही. ती वाढते, पण भाराच्या प्रमाणात नव्हे. म्हणून गाडीच्या ज्या टोकाला वजन अधिक, त्या टोकाचे टायर वळणावर आधी हार खातात. पुढचे टोक जड असेल तर चालकाने स्टिअरिंग वळवले तरी गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. मागचे टोक जड असेल तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू लागते. पहिल्या प्रसंगी वेग कमी केला म्हणजे सामान्य चालकाचाही बहुधा निभाव लागतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र घाबरून पाय उचलणे हीच सर्वांत वाईट गोष्ट ठरते. कारण तसे करताच भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते.

या खोडीचे उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीतील स्टुटगार्टची पोर्शे ९११. फर्डिनंड अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखाटलेली ही मोटार सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधोमध शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ते बदलले. या गाडीचे एंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले होते, आणि निम्म्याहून बरेच अधिक वजन मागच्या दोन चाकांवर पडत असे. गाडी चपळ होती, पण निसरड्या वळणावर दगा देणारी होती. कारखान्याने प्रथम जो उपाय केला तो ऐकून हसू येते: पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोग्रॅमची बिडाची वजने लपवून बसवली. तराजूचे पारडे सावरण्यासाठी वाणी दगड ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे १९६९ सालच्या गाड्यांत मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवण्यात आली आणि पुढे दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी ठेवण्यात आली. दरम्यान रिमची रुंदीही साडेचार इंचांवरून सहा इंचांपर्यंत वाढत गेली होती. परंतु पुढची आणि मागची रुंदी सारखीच होती.

शर्यतीच्या गाड्यांत मागची चाके अधिक रुंद ठेवण्याचा प्रघात त्यापूर्वीच पडला होता. पोर्शेने तो रस्त्यावरच्या ९११ मध्ये आणला तो ऑक्टोबर १९७२ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॅरेरा आरएस या गाडीत. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या. प्रत्यक्षात १,५८० तयार झाल्या. तिचे २.७ लिटरचे एंजिन २१० अश्वशक्तीचे होते. एवढी शक्ती मागच्याच चाकांवर येते तेव्हा त्यांच्यावर दुहेरी काम पडते. टायरची पकड ही एका मर्यादित पुंजीसारखी आहे. गाडी पुढे ढकलण्यात जेवढी खर्च होईल, तेवढी वळणासाठी कमी उरते. म्हणून या गाडीला पुढे सहा इंच आणि मागे सात इंच रुंदीच्या रिमा दिल्या गेल्या, आणि मागचे मडगार्ड बाहेर काढले.

तिच्या टायरांची मापे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. पुढचा टायर १८५/७० आणि मागचा २१५/६०. दोन्ही १५ इंची रिमवर. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, आणि दुसरा त्याच्या कडेची उंची रुंदीच्या शेकडा किती हे सांगतो. १८५ चे शेकडा ७० म्हणजे साडेएकशे एकोणतीस, आणि २१५ चे शेकडा ६० म्हणजे १२९. रुंदी ३० मिलिमीटर वाढली, पण उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक! सबंध चाकाचा व्यास दोन्हीकडे जवळपास ६४० मिलिमीटर भरतो. हा योगायोग नव्हे. मागचे चाक उंच झाले असते तर गिअरचे गणित बिघडले असते. आजच्या गाड्यांत तर ब्रेक नियंत्रित करणारी यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्या ताडून पाहते, आणि व्यासांतील विसंगतीने तिची फसगत होऊ शकते. वेगदर्शक काटाही उंच झालेल्या चाकाच्या फेऱ्यांवर चालत असेल, तर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

गॅरेजात होणारी चूक बहुधा दुसरीकडेच असते. रिम एक इंच रुंद केली की आत आणि बाहेर अर्धा-अर्धा इंच वाढतो, असे गृहीत धरले जाते. पण ते सर्वस्वी हबवर टेकणारे पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे यावर अवलंबून असते. हे अंतर चुकले तर टायर आत स्प्रिंगला किंवा ब्रेकच्या नळीला घासतो, अथवा बाहेर मडगार्डला. गाडी रिकामी उभी असताना सारे मोकळे दिसते; चार माणसे बसली आणि खड्डा आला की रबर सोलवटून निघते. यावर तोडगा म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये जाड चकती घालून चाक बाहेर ढकलले जाते. त्यामुळे तरफ लांब होऊन बेअरिंगवर आणि बोल्टांवर अधिक ताण येतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवणे हा त्याहूनही वाईट मार्ग. टायर फुगीर होतो आणि वळणावर डगमगतो.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हापासून भारतातील बहुतेक लहान मोटारींचे एंजिन पुढे असते आणि पुढचीच चाके ती ओढतात. अशा गाडीचे नाक जड असते, आणि वळणावर आधी पुढचेच टायर हरतात. तिची फक्त मागची चाके रुंद केली तर जे टोक आधीच भक्कम होते ते आणखी भक्कम होते, आणि नाक होते तेवढेच दुबळे राहते. तोल अधिकच बिघडतो; ओढीला तर काहीच मदत होत नाही. उलट चाकांचे वजन वाढते, इंधन अधिक लागते, आणि टायरची कड आखूड असेल तर खड्ड्यात रिम वाकते.

पावसाळ्याचा विचार वेगळाच करावा लागतो. साचलेल्या पाण्यातून जाताना टायरला ते बाजूला सारावे लागते. टायर जितका रुंद, तितके ते अवघड, आणि वेग वाढला की चाक पाण्यावर तरंगू लागते. पुढचे चाक मागच्यासाठी थोडीफार वाट करून देते खरे, पण मागचे अधिक रुंद असेल तर त्याची कड त्या वाटेबाहेर, न सारलेल्या पाण्यात पडते. कोकणातल्या किंवा आसामातल्या पावसात गाडी चालवणाऱ्याने हे विसरू नये. याच कारणासाठी, चारही चाके सारखी असलेल्या गाडीला दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत असे जाणकार सांगतात, मग गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी का असेना. पुष्कळांना हे उलटे वाटते; पण ओल्या रस्त्यावर शेपूट सुटण्यापेक्षा नाक सरळ जाणे पत्करले.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते. त्या गाडीला कोणत्या मापाचे टायर चालतात आणि पुढे-मागे किती हवा भरावी, हे तिच्यावर छापलेले असते.