सहसंबंध खरा, की चिठ्ठ्यांचा खेळ?

मागच्या वेळी आपण सहसंबंध गुणांक काढायला शिकलो. समजा, दहा रुग्णांचं वय आणि रक्तदाब यांच्यात तो ०.५ आला. लगेच ‘संबंध आहे’ म्हणायचं का?

रक्तदाबाचे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या पिसा आणि वयांसमोर वाटेल तशा मांडा. आता कुणाचा रक्तदाब कुणाच्या वयासमोर आलाय, याला काही अर्थ उरला नाही. तरीही गुणांक नेमका शून्य येत नाही; कधी ०.२, कधी उणे ०.३. असं हजारदा केलंत, तर साधारण १४० वेळा ०.५ किंवा त्याहून मोठा गुणांक (अधिक वा उणे) नुसत्या पिसण्यातून येतो. हे जे १४ टक्के, तीच पी-व्हॅल्यू. ती ५ टक्क्यांच्या आत असली तर संबंधाला ‘लक्षणीय’ म्हणतात. हा रिवाज रूढ झाला तो रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. पाचच का? सोयीचं म्हणून, दुसरं काही नाही!

तोच ०.५ तीस रुग्णांत आला असता, तर लक्षणीय ठरला असता. आणि हजार रुग्णांत नुसता ०.१ सुद्धा ठरतो. पण त्या ०.१ मधून रक्तदाबातल्या चढउताराचा जेमतेम १ टक्का उलगडतो.

खरी फसगत पुढेच आहे. रुग्णांच्या तक्त्यात दहा रकाने असले की जोड्या होतात ४५. कशाचाच कशाशी संबंध नसला, तरी सरासरी दोन जोड्या ‘लक्षणीय’ निघणारच. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते, सगळे हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले. ॲस्पिरिनचा फायदा अगदी स्पष्ट होता. मग संशोधकांनी मुद्दाम राशीनुसार गट पाडून दाखवले (जन्मतारखेवरची पाश्चात्त्य रास, आपली चंद्ररास नव्हे). मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसली! गट पाडत बसलं की काय होतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. पण राशीऐवजी तिथे मधुमेह किंवा वय असतं, तर आपण हसलो नसतो. एखाद्याची गोळी बंद केली असती.

यावर साधा उपाय बॉनफेरोनीचा: ५ टक्क्यांना ४५ ने भागा. मर्यादा ०.११ टक्क्यावर येते. मग दहा रुग्णांत गुणांक ०.८७ च्या आसपास लागतो, ०.५ चं काय घेऊन बसलात!